समास छाटून द्यावा

पुस्तकात लिहिणारी माणसं मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाची वकिली करते आहे असं वाटायला नको.

पंचवीस वर्षं मी पुस्तकं बांधते आहे. बाइंडिंगचं दुकान वडिलांचं. त्यांना मुलगे नव्हते असं नाही, दोन होते. एकाला ट्रक चालवायचा होता आणि दुसऱ्याला नागपूर गाठायचं होतं. सुई धरायला मी उरले. ब्रह्मपुरीहून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर वाचणारे म्हणतील, अच्छा, तिथं असं चालतं काय. आणि मोकळे होतील.

घरी आम्ही हिंदी बोलतो. मराठी मी बांधायला आलेल्या पुस्तकांतून शिकले. फाटकी पुस्तकं असल्यामुळे बऱ्याच कादंबऱ्यांचा शेवट मला अजून माहीत नाही. तरी गावातला एखादा गृहस्थ महिन्यातून एकदा म्हणतोच, "आपा, तुम्ही मराठी किती छान बोलता. वाटतच नाही." काय वाटत नाही, ते तो सांगत नाही. मीही विचारत नाही. हातात काम असतं.

वाचनालयाची पुस्तकं वर्षातून दोनदा माझ्याकडे येतात. जुना पुठ्ठा काढायचा, पानांची जुजबंदी म्हणजे दोऱ्याची शिलाई नव्यानं करायची, खळ लावायची, वाळू द्यायचं आणि शेवटी तीन बाजूंनी मशीनवर कापायचं. कापताना कडेचा सुतभर समास जातो. त्या समासात काय काय लिहिलेलं असतं, ते माझ्याइतकं गावात कुणालाच माहीत नाही. फोन नंबर असतात. "दळण आणणे" असतं. रहस्यकथेच्या अकराव्या पानावर कुणीतरी पेनानं लिहून ठेवलेलं असतं, "खून मेव्हण्याने केला." एक बाई तर प्रत्येक कादंबरीत नवरा खेकसला की बाजूला लिहितात, "आमचेही असेच." मी शिव्या घालते आणि छाटते. छाटूनही जे उरतं ते तसंच परत जातं. हे अक्षर कुणाचं, असं वाचनालयानं मला पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात वाचनालयाचा शिपाई एकच पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला.

"आपा, हे अर्जंट हाये. अध्यक्ष साहेबानं चिठ्ठी देल्ली."

चिठ्ठीत एकच ओळ होती. समास छाटून द्यावा, छापील अक्षराच्या काठापर्यंत.

"अख्खा समास? पुस्तक टक्कल केल्यावानी दिसन," मी म्हटलं. "आन् तुमचा शहाऐंशी पुस्तकांचा गठ्ठा पडून हाये माह्याकडं, त्याचं काय?"

"तो राहू द्या. पयले हे. पुढच्या हप्त्यात अनुदानाचे तपासणीवाले येऊन राह्यले. फेकताबी येत नाई, रजिस्टरवर चढलं हाये."

पुस्तक मी ओळखलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरचं, इंग्रजीतून मराठीत आणलेलं. वेगळ्या शाळा, वेगळे नळ, वेगळ्या वस्त्या. कायदा बदलल्यावरही तेच सगळं कसं चालू राहिलं, याचं. आदल्या वर्षी वाचनालयानं अशी पंधरा-वीस पुस्तकं घेतली होती. त्यांचं एक कपाट केलं, कपाटावर "वर्णभेद आणि समता" अशी पट्टी लावली आणि अध्यक्षांचं व्याख्यान ठेवलं. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. गावात सज्जन म्हणतात तसे सज्जन. त्या व्याख्यानाला मी मागच्या रांगेत होते. शाळेत जाणाऱ्या एका काळ्या मुलीवर लोक थुंकले हे सांगताना त्यांना दोनदा पाणी प्यावं लागलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही ओढणीनं डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

"कोणं लिहिलं एवढं?" मी विचारलं.

शिपाई स्टुलावर बसला. त्याला सांगायचंच होतं.

वसतिगृहातली एक मुलगी. एटापल्लीच्या पुढच्या गावातली, माडिया आदिवासी. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा महिन्यावर आलेली, म्हणून रोज सकाळी वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसायची. वसतिगृहाच्या एका खोलीत सहा जणी, टेबल नाही, कुणाचा फोन सतत चालू. अभ्यासिकेतली ती एक खुर्ची होती म्हणून तिचा अभ्यास होत होता. मधल्या वेळात तिनं हे पुस्तक वाचलं आणि वाचता वाचता समासात लिहिलं. ग्रंथपालांनी विचारल्यावर सरळ हो म्हणाली. समितीनं तिची जागा काढून घेतली. आधी लेखी माफीनामा द्यायचा, मग जागेचा विचार करू.

"देल्ला काय तिनं?"

"नाई ना. म्हणते, खोटं काय लिहिलं ते दाखवा, तेवढंच खोडते." शिपाई हसला. "पोरगी कडक हाये, आपा."

तो गेल्यावर मी पुस्तक उघडलं. मनात म्हटलं, वाचनालयाच्या पुस्तकात गिचमिड करणारी आणखी एक.

गिचमिड नव्हती. बारीक, सरळ, निळ्या पेनाचं अक्षर. प्रत्येक टिपणाची सुरुवात एकाच शब्दानं, "येथे". मग जागा. मग काय झालं किंवा कोण काय बोललं ते. मत नाही, उद्गारचिन्ह नाही.

पुस्तकात वेगळ्या नळाचं प्रकरण होतं. शेजारी: "येथे. वाचनालय. माठावरचा स्टीलचा पेला सर्वांचा. खिडकीतला प्लास्टिकचा वसतिगृहाच्या मुलींचा."

पोलिसांनी रस्त्यात अडवण्याबद्दलच्या पानावर: "येथे. बसस्टँड. पिशवी फक्त माझी उघडली. 'तिकडच्या पोरी काहीही आणतात.'"

शाळेच्या प्रकरणात: "येथे. आश्रमशाळा, पाचवी. गुरुजींनी माझे नाव बदलले. जुने नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हते."

नाचगाण्याच्या प्रकरणात: "येथे. कॉलेजचे स्नेहसंमेलन. आदिवासी नृत्य आमच्याकडे. माईक आमच्याकडे नाही."

आणि प्रस्तावनेतच, जिथं लेखक म्हणतो की प्रत्येक देशाला वाटतं हा रोग दुसऱ्याच देशात आहे, तिथं: "येथे. अध्यक्षांचे भाषण. 'आपल्याकडे असला भेद कधीच नव्हता.' टाळ्या."

मी मोठ्यानं हसले. दुकानात एकटीच होते. एकेक पान उलटत गेले आणि मला राग येत गेला, चांगला, खमंग राग, दुसऱ्यांवर येतो तसा. त्या माठातलं पाणी मी पंधरा वर्षं पीत होते; खिडकीतला प्लास्टिकचा पेला मला कधी दिसला नव्हता. आता दिसला. स्नेहसंमेलनाला मी गेले होते, टाळ्याही वाजवल्या होत्या. पुस्तकातला मजकूर वाचताना जी गोष्ट हजारो मैलांवर घडत होती, ती समासात येऊन माझ्या ओळखीच्या माणसांची तोंडं घेऊन बसत होती. ग्रंथपाल, अध्यक्ष, स्टँडवरचा तो जाड्या पोलीस. बरं झालं, मी म्हणत होते, बरी सापडली एकेकाची शेपूट.

मग पान एकशे बारा.

पुस्तकात तिथं गोऱ्या बायका काळ्या बाईचं कौतुक कसं करतात त्याबद्दल लिहिलं होतं. शेजारी: "येथे. बाइंडिंगचे दुकान. 'मुंग्यांची चटणी खाता म्हणे तुमच्यात? पण तू तर किती साफ राहतेस. वाटत नाही तिकडली.'"

मला तो दिवस आठवला. उन्हाळ्यात ती हातानं लिहिलेल्या नोट्स बांधायला घेऊन आली होती. मी पुठ्ठा कापत होते, गप्पा मारत होते. मी तशी बोलकी आहे. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलावेत असं वडील सांगायचे. ती काहीच बोलली नव्हती. मला वाटलं होतं, लाजरी आहे.

इथं मी लिहू शकते की मला लाज वाटली. ती नंतर वाटली. त्या क्षणी मला वाटला तो संताप, आणि तो तिच्यावर. मी काय पोलिसवाला आहे? मी काय तिचं नाव बदललं? मी चांगलंच बोलले होते ना? मला इथं लोक काय काय विचारतात. तुमच्यात रोज मटण असते काय, तुमचे लोक असे का वागतात, तुम्ही तर आमच्यासारख्याच दिसता. मी कधी कुणाच्या पुस्तकात लिहायला गेले का? गिळलं ना सगळं? मग या पोरीला माझंच वाक्य कशाला उचलून ठेवायचं होतं, ते पण अध्यक्षांच्या आणि गुरुजींच्या रांगेत?

पुस्तक मी मशीनखाली सरकवलं. ठोकून सरळ केलं, पट्टी लावली, चाक फिरवून दाब दिला. एरवी सुतभर घेते. त्या दिवशी चिठ्ठीत होतं तसं, छापील अक्षराच्या काठापर्यंत घेतलं. दांडा खाली ओढला. तीन बाजू, तीन वेळा. कतरण पोत्यात पडली. हे काम करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात की पातं खाली येण्याआधी दोनदा मोजायचं, कारण वर गेल्यावर काही मोजायचं उरत नाही. मी एकदाही मोजलं नाही. आयुष्यात इतक्या रागानं आणि इतकं सरळ मी कधी कापलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होते तेव्हा ती पायरीवर उभी होती. उंच, वेणी घट्ट, खांद्याला कापडी पिशवी.

"बाई, ते पुस्तक तुमच्याकडे आलंय ना? छाटायच्या आधी तासभर द्याल? इथंच बसून उतरवून घेते."

मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते उचललं आणि अंगठ्यानं कड चाचपून पाहिली. उघडलंही नाही.

"काल सांजेलेच कापलं," मी म्हटलं.

"वाचलंत?"

"हो."

"सगळं?"

"एकशे बारा पावतर."

तिनं पुस्तक परत टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे ते वाचल्यावर कापलं."

"हो."

खोटं बोलता आलं असतं. चिठ्ठी होती हातात, अध्यक्षांच्या सहीची. तिच्या डोळ्यांसमोर ते जमलं नाही एवढंच.

"कतरण हाये पोत्यात," मी म्हटलं. "काढून देऊ काय? जुळवता येईन."

"नको. मला पाठ आहे सगळं." तिची मराठी आश्रमशाळेची, पुस्तकी आणि स्वच्छ. "मी विसरेन म्हणून लिहिलं नव्हतं. माझ्यानंतर ज्याच्या हातात पुस्तक येईल त्यानं वाचावं म्हणून लिहिलं होतं. उतरवून घेणार होते ते समितीला द्यायला. ते म्हणतात शिवीगाळ लिहिली आहे. आता दाखवायला काही नाही."

"माफीनामा देऊन टाक ना," मी म्हटलं. "दोन ओळी. परीक्षा महत्त्वाची."

"कशाची माफी मागू? पुस्तकात लिहिलं त्याची मागते. समितीनं कागद तयार करून दिलाय. त्यात आहे की मी खोटे आरोप केले."

मी माझ्या सवयीप्रमाणे सोय पाहिली. "मंग इथी बस. माडीवर टेबल हाये, ट्यूबलाइट हाये, कोणी येत नाई. परीक्षेपावतर बस. चहा देत जाईन."

"नको बाई."

"काऊन?"

"मी इथं बसले तर त्यांना बरं वाटेल. सोय झाली म्हणतील." तिनं पिशवी खांद्यावर नीट केली. "आणि मला तुमच्याकडे बसायचं नाही."

हे तिनं आवाज न चढवता सांगितलं. मी तरी विचारलंच, आणि त्या प्रश्नाची मला आजही चीड येते. "मंग मी काय करू, तूच सांग."

"ते पण मीच सांगू?" ती म्हणाली. "माझा अभ्यास राहिलाय."

ती गेली. थोड्या वेळानं शिपाई येऊन ते पुस्तक घेऊन गेला. मी दिवसभर एकही पुस्तक शिवू शकले नाही. दोरा तुटत होता. दुपारी जेवायला बसले तर आठवलं, एकदा वाचनालयात मला कुणी तरी म्हणालं होतं, "आपा, तुमच्या घरी जेवलो तरी चालेल बुवा, तुम्ही स्वच्छ." तेव्हा मी हसले होते. घरी येऊन आईला सांगितलंही होतं, कौतुक म्हणून.  आईनं नुसतं ताट उचललं होतं.

संध्याकाळी मी गठ्ठा सोडला. शहाऐंशी पुस्तकं, त्यातली निम्मी अजून छाटायची होती. एकेक पान उलटून समास पाहिले. ज्यात अक्षरं होती अशी अकरा काढली, पानापानांत चिठ्ठ्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती तिथं पिशवी भरून घेऊन गेले.

बैठकीत चौघे होते. अध्यक्ष, कापडदुकान असलेले सचिव, ग्रंथपाल आणि एक डॉक्टर, जे पूर्ण वेळ फोन बघत होते.

"या आपा," अध्यक्ष म्हणाले. "पुस्तक छान झालं. काम म्हणजे काम तुमचं. बसा, चहा घ्या."

मी पुस्तकं टेबलावर मांडली. "सर, हे सारे पुस्तकं खराब केलेले हायेत. पेनानं. अक्षर कोणाचं ते तुम्हीच पाहा, मंग सगळ्यायचं सदस्यत्व बंद करू."

सचिवांनी वरचं उचललं. "खून मेव्हण्याने केला," त्यांनी वाचलं आणि हसले. "हा आपला पोस्टातला दिसते." दुसरं उघडलं, आणि हसू गेलं. पान मिटलं, परत उघडलं. "आमचेही असेच," डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून डोकावून वाचत होते. "सचिव साहेब, हे तर वहिनीचं अक्षर. दवाखान्याच्या फाइलवर पाहिलं हाये मी."

"पुढच्या तीन कादंबऱ्यांतबी हाये," मी म्हटलं. "चिठ्ठ्या घातल्या."

सहावं पुस्तक सुविचारांचं. ते मी स्वतःच उघडून अध्यक्षांसमोर ठेवलं. समासात लफ्फेदार अक्षरात होतं, "अतिसुंदर! प्रत्येकाने आचरणात आणावे." खाली त्यांची सही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आपा, याला वाचकाचा पुस्तकाशी संवाद म्हणतात. हे प्रेमानं लिहिलेलं आहे."

"आन् तिनं?"

"तिनं आरोप केले. गोष्ट साधी आहे. बाकीच्यांनी पुस्तकावर लिहिलं. त्या मुलीनं आपल्यावर लिहिलं."

असं स्वच्छ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. पुस्तकांत जे समजावून सांगायला लेखकांना चारशे पानं लागतात, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि त्यांना कळलंही नाही.

"माह्यावरबी लिहिलं होतं," मी म्हटलं. "पान एकशे बारा. मी तिले म्हटलं होतं, तू साफ राहते, तिकडली वाटत नाई. खरं हाये. म्हटलं होतं."

"बघा," अध्यक्ष बाकीच्यांकडे वळले. आवाजात खरी कणव होती. "तुमच्यासारख्या कष्टाळू बाईलाही सोडलं नाही. आपण कौतुक करायला जावं तर ही परतफेड. आपा, तुम्ही तर आमच्यातल्याच. तुम्हीच सांगा, या गावात तुम्हाला कधी कुणी वेगळं वागवलं?"

पंचवीस वर्षांत त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यातली झाले. एका माडिया मुलीच्या विरोधात साक्ष द्यायची होती म्हणून. आणि लिहायला जड जातं, पण लिहिते: क्षणभर बरं वाटलं.

तेवढ्यात चहा आला. चौघांपुढे कपबशा ठेवल्या. माझ्यापुढे कागदी पेला. नेहमीचाच. मला वाटायचं, मी बाहेरची, घाईची, उभ्या उभ्या पिऊन जाणारी, म्हणून. मी पेल्याकडे बघितलं आणि शिपायाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. वाचता येत नव्हतं ते मलाच.

चहा मी तसाच ठेवला.

"सर, तिची खुर्ची परत द्या. माफीनामा न घेता."

"नियम आहे, आपा."

"मंग तुमचे शहाऐंशी पुस्तकं माह्याकडं हायेत. हे अकरा धरून. मी परत नेऊन राह्यली." मी पिशवीत भरायला लागले. "सोमवारी तपासणी हाये. रजिस्टरात हायेत आन् कपाटात नाई, ते तुम्ही त्यायले समजावून सांगा."

ग्रंथपाल उठून उभे राहिले. सचिव म्हणाले, "ही धमकी हाये काय?"

"हो."

"आपा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," अध्यक्ष म्हणाले. "इतक्या वर्षांचे संबंध. काम दुसरीकडेही देता येतं आम्हाला."

"द्या. सोमवारपावतर कोणी बांधून देत असन त द्या."

"तुमच्या लोकांचं हेच..." सचिवांनी सुरुवात केली आणि डॉक्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. वाक्य तिथंच राहिलं. त्याचं उरलेलं अर्धं मला पाठ आहे.

दोन दिवस कुणी आलं नाही. मी कामं केली. शहाऐंशीच्या शहाऐंशी शिवून, वाळवून, पुठ्ठे चढवून तयार ठेवली, कारण कामाशी माझं भांडण नव्हतं. समास मात्र सुतभरच घेतला. दोन बायका दुकानात येऊन सांगून गेल्या की एवढ्याशा गोष्टीसाठी मी वाचनालयाची अब्रू काढते आहे, आणि तेही कुणासाठी. एकीनं विचारलं, "ती तुमच्यातली हाये काय?" मी म्हटलं, "नाई. ती तर माह्याशी बोलतबी नाई."

शनिवारी दुपारी शिपाई आला. हातात कागद होता. सदर विद्यार्थिनीस अभ्यासिकेत बसण्यास हरकत नाही. माफीनाम्याचा उल्लेख नव्हता.

"अध्यक्ष म्हणे, माफीनाम्याचं नंतर पाहू."

"नंतर नाई. इथी लिहून आणा, माफीनाम्याची गरज नाही. मंग पुस्तकं."

तो परत गेला आणि लिहून घेऊन आला. कुणाचंही मन बदललं नव्हतं. पुस्तक वाचून अध्यक्षांना जे कळलं नाही ते पुस्तकं न मिळाल्यानं वळलं, एवढंच. वर्णभेदाच्या कपाटावर त्यांचा अजून विश्वास आहे. दर वर्षी त्यात भर पडते.

माझ्याबद्दलही फार चांगलं काही लिहिता येत नाही. मी तिची टिपणं कापली ती कापली. गावातली एकमेव प्रत होती, कागदाची आणि खरेपणाचीही. नंतर आलेला वाचक ते पुस्तक उघडतो तेव्हा त्याला अमेरिका दिसते, फक्त अमेरिका, आणि तो हळहळून पुस्तक परत करतो. त्याला "येथे" दिसत नाही. ते मी केलं.

रविवारी सकाळी मी हातगाडीवर पुस्तकं घेऊन वाचनालयात गेले. आधी ती बसली आहे का ते बघायचं, मग पुस्तकं उतरवायची, असं ठरवलं होतं. माठाजवळच्या खिडकीत प्लास्टिकचा पेला नव्हता. तपासणी होती ना.

अभ्यासिकेत आठ-दहा मुलं होती. ती खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर होती, मान खाली, समोर वनस्पतींच्या नावांची यादी, ओठ हलत होते. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बाकीची मुलं दाटीवाटीनं दुसऱ्या टेबलाला बसली होती. मी तिच्याजवळ गेले. रस्त्यानं मी वाक्य जुळवलं होतं. त्यात एकशे बारा होतं, कापणं होतं, मुंग्यांची चटणी होती, आणि माफ कर हा शब्द होता. साधं वाक्य होतं, पण तोंडात जुळेना, म्हणून मी तशीच उभी राहिले.

तिनं वर पाहिलं. मला ओळखलं. पेन खाली ठेवलं, मग परत उचललं.

"बाई, जरा बाजूला होता का?" ती म्हणाली. "उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.